पाच मिनिटं दहा सेकंद, मुक्काम दुधनी

दुधनीला चाललेय असं म्हटलं की ऑफिसमधले लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, 'तुमचा दुधाचा धंदा आहे का गं?' आणि दोन, 'तिथे बघण्यासारखं काय आहे?' पहिल्याचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं उत्तर आजवर मी 'मामाचं घर' असं देत आले. यंदाच्या डिसेंबरपासून मात्र उत्तर जरा लांबलंय, म्हणून हा लेख.

दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं आग्नेय टोक. तालुका अक्कलकोट. रेल्वेनं गेलात तर दुधनीनंतरचं स्टेशन कुलाली, आणि ते कर्नाटकात. म्हणजे डुलकी लागली तर तुम्ही थेट दुसऱ्या राज्यात जागे होता! जीआयपी रेल्वेचा हा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोचला, आणि मुंबई-मद्रास जोडली गेली. तेव्हापासून रूळ आणि बाजार या दोन पायांवर दुधनी उभी आहे. गावाला स्वतःची नगर परिषद आहे, स्वतःची बाजार समिती आहे, आणि डिसेंबरात नवी तूर यायला लागली की हवेत एक बारीक पिवळसर धूळ असते. ती चष्म्यावर बसते, केसांत बसते आणि चहातही बसते.

भाषेचं म्हणाल तर मामाच्या घरात वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं. १९६७ च्या महाजन आयोगानं अख्खा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असं सुचवलं होतं. तसं झालं नाही. गावानं दोन्ही भाषा ठेवून घेतल्या. मामी जेवायला वाढताना 'अजून घे' मराठीत म्हणते आणि मी 'साकु' कानडीत म्हणते. साकु म्हणजे पुरे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर यंदा मी गेले ती बॅगेत रनिंग शूज घालून. जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन होती, फोनमध्ये प्लॅन होता, आणि पुण्याच्या धुरातून सुटून चार दिवस काळ्या मातीच्या कडेनं पळावं असा माझा फंडा होता. सोबतीला होता मामेभाऊ. त्याला सगळे तम्मा म्हणतात. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, त्यामुळे तो अख्ख्या गल्लीचा धाकटा भाऊ आहे. वय २३. मला तो अक्का म्हणतो. आणि तो पोलीस भरतीची तयारी करतोय.

पुण्या-मुंबईत आपण हौसेनं पळतो. बूट सात हजारांचे, घड्याळ वीस हजारांचं, आणि फिनिशरचं मेडल गळ्यात घालून फोटो. महाराष्ट्रात खरा पळणारा वर्ग वेगळाच आहे. तालुक्याच्या कुठल्याही गावात पहाटे पाचला बाहेर पडा, रस्त्याच्या कडेनं अंधारात पोरं-पोरी धावताना दिसतील. अंगात जुनी जर्सी, पायात जे असेल ते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून जास्त. यातली बरीच पोरं कधी कुठल्या स्पर्धेत उतरणार नाहीत, त्यांची नावं कुठल्या क्रीडा पानावर येणार नाहीत. पण ट्रेनिंगचा भार म्हणाल तर तो कुठल्याही खेळाडूइतका, किंवा जास्तच.

भरतीचं गणित असं. मैदानीला ५० मार्क. त्यात पुरुषांना १६०० मीटर धावणं २० मार्कांचं, १०० मीटर १५ चं आणि गोळाफेक १५ ची. १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलंत तर पूर्ण वीस. त्यानंतर दर वीस सेकंदांनी मार्क उतरत जातात. मैदानीत निम्मे मार्क पडले आणि एका जागेला दहा या यादीत नाव आलं, की मग लेखी. शंभर मार्क, नव्वद मिनिटं. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. दुधनीच्या ज्या पोरांची शाळा कानडी माध्यमातून झाली त्यांच्यासाठी हे शेवटचं म्हणजे गोळाफेकच! तम्माची शाळा मराठी, तरी घरातली भाषा कानडी. समास म्हटला की त्याच्या चेहऱ्यावर घाम येतो.

मागच्या भरतीत त्यानं १६०० मीटर ५:२४ मध्ये मारलं, १८ मार्क. लेखीत मार खाल्ला आणि तीन मार्कांनी यादीतून बाहेर. तीन! मग त्यानं काय केलं? पळणं वाढवलं. मला हे ऐकून आधी हसू आलं, पण त्याचा हिशेब ऐकल्यावर हसू थांबलं. तो म्हणाला, 'अक्का, समास किती वाचला तरी येईल का सांगता येत नाही. पळणं मात्र माझ्या हातात आहे.' माणूस जे हातात आहे तेच जास्त करत सुटतो. ऑफिसात नाही का, अवघड क्लायंटला फोन करायचा सोडून आपण एक्सेलची शीट रंगवत बसतो.

पहिल्या दिवशी पहाटे आम्ही मैंदर्गीच्या रस्त्याला लागलो. थंडी सॉलिड होती. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर, मध्येच कापलेल्या तुरीची खुंटं. पहिले दोन किलोमीटर मी तम्माच्या मागे होते. तिसऱ्यात बरोबर आले. चौथ्यात मी पुढे! आता मी काही फार भारी धावपटू नाही. ३१ वर्षांची, दिवसभर खुर्चीत बसणारी बाई २३ वर्षांच्या भरतीवाल्याला मागे टाकते म्हणजे गडबड तिच्या वेगात नसते. मैलाच्या दगडावर बसून त्यानं सांगितलं की परवा घड्याळ लावलं तेव्हा १६०० ला ५:३८ लागले. म्हणजे सहा महिने घाम गाळून १४ सेकंद जास्त, आणि १८ चे १६ मार्क.

घरी आल्यावर मी त्याचा आठवडा लिहून काढला. कागद नव्हता म्हणून मामाच्या पट्टीच्या मागे. (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला माल विकल्यावर आडत्याकडून मिळतो तो हिशेबाचा कागद. मामा आडत दुकानात मुनीम आहे, घरात पट्ट्यांचा सुकाळ.) खेळाच्या विज्ञानात भार मोजायची एक साधी पद्धत आहे, कार्ल फॉस्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाची. व्यायाम किती जड गेला याला शून्य ते दहा मार्क द्यायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचं, झालं. ना मशीन, ना लॅब. तम्माचं सकाळचं पळणं ८० मिनिटं, जड सात. संध्याकाळचं मैदान ६० मिनिटं, जड आठ. म्हणजे ५६० अधिक ४८०, रोजचे १०४०. सातही दिवस. आठवड्याचे ७२८०. माझ्या प्लॅनचा आठवडा १४४० चा होता. फॉस्टरचं दुसरं म्हणणं असं की नुसता भार बघू नका, तो किती एकसुरी आहे तेही बघा. रोज सारखाच जड दिवस असेल तर शरीराला सावरायला फट मिळत नाही. तम्माच्या सात दिवसांत फट कुठे होती? नव्हतीच. रविवारी तर तो गोळा जास्त वेळ फेकायचा, कारण रविवारी अभ्यासिका बंद!

पाय थकतात हे सगळ्यांना कळतं. गंमत पुढे आहे.

दुपारी मी त्याला जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवलं आणि समोर शेंगा सोलत बसले. नव्वद मिनिटांचा पेपर त्यानं पंचावन्न मिनिटांत संपवला. मार्क ६१. चुका तपासल्या तर निम्म्याहून जास्त प्रश्न त्याला येत होते. तोंडी विचारलं की बरोबर सांगायचा. पण पेपरवर पहिला बरा दिसणारा पर्याय आला की टिक, पुढे. चौथा पर्याय वाचलेलाच नाही. 'कंटाळा येतो अक्का, संपवावंसं वाटतं.' सहा महिन्यांपूर्वी हाच पोरगा शेवटच्या मिनिटापर्यंत पेपर सोडायचा नाही, असं मामी सांगत होती.

२०१९ मध्ये पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्तियाँ ब्लँ आणि मातियास पेसिग्लियोन ही त्यातली मुख्य नावं. निमित्त होतं फ्रान्सच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं. तिथले काही खेळाडू अति सरावानं एकदम ढेपाळायचे, आणि त्यात मेंदूचा वाटा किती हे त्यांना शोधायचं होतं. ३७ ट्रायथलॉन खेळणारे पुरुष निवडले. निम्म्यांचा सराव नेहमीसारखा ठेवला. बाकीच्यांचा तीन आठवडे सरासरी ४० टक्क्यांनी वाढवला. मग त्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून प्रश्न विचारले, पण पळण्याबद्दल अजिबात नाही. प्रश्न पैशाचे. आत्ता थोडे घेतोस का नंतर जास्त घेतोस? ज्यांचा सराव वाढवला होता ते 'आत्ता द्या' कडे जास्त झुकले. आणि निवड करताना त्यांच्या मेंदूचा कपाळामागचा, कडेचा एक भाग कमी पेटत होता. त्याचं नाव लॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. हा भाग आपला ब्रेक आहे. मोह आवरायचा, थांबायचं, शेवटचा पर्याय वाचायचा, ही सगळी त्याची कामं. आणि पाय 'बस' म्हणत असताना 'अजून एक फेरी' म्हणणाराही तोच! रोज दोन वेळा शरीराला रेटताना तोच वापरला जातो, आणि पेपर सोडवायची वेळ येते तेव्हा तो आधीच दमलेला असतो.

पेसिग्लियोन यांच्याच गटानं २०२२ मध्ये पुढचा तुकडा शोधला. सहा तासांहून जास्त वेळ अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या याच भागात ग्लुटामेट नावाचं रसायन साचलेलं दिसलं. सोपं काम करणाऱ्यांत ते तसं साचलं नव्हतं. म्हणजे 'डोकं शिणलं' ही नुसती बोलायची रीत नाही, आत खरंच काहीतरी तुंबतं.

आता हे उलट्या दिशेनंही चालतं, आणि हा भाग तुमच्या-माझ्यासाठी. २००९ मध्ये वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. एका दिवशी दीड तास संगणकावर डोकं खाणारं काम, दुसऱ्या दिवशी दीड तास रेल्वेगाड्या आणि फेरारीच्या डॉक्युमेंटरी. नंतर दोन्ही दिवशी दमेपर्यंत सायकल. डॉक्युमेंटरीनंतर सरासरी १२ मिनिटं ३४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर १० मिनिटं ४० सेकंद. हृदय आणि स्नायू दोन्ही वेळा ठीकच चालत होते. फक्त तेच पॅडल पहिल्या मिनिटापासून जड वाटत होतं. त्यामुळे ऑफिसातून सुटून आठ वाजता ट्रेडमिलवर पाय उचलत नाही तेव्हा बॉस, तुमचा स्टॅमिना गेलेला नसतो. दिवसभराच्या मीटिंगा पायांत उतरलेल्या असतात. तम्माचं तर दोन्हीकडून चाललं होतं. सकाळचं पळणं अभ्यास खात होतं, आणि पाच तासांचा अभ्यास संध्याकाळचं पळणं.

हे सगळं फोनवर वाचून दाखवत होते तेव्हा मामानं एकच प्रश्न विचारला. 'त्या फ्रेंच पोरांच्या घरी कर्ज होतं का?'

कारण घरात दुसरीच गोष्ट शिजत होती, ती मला संध्याकाळी कळली. चाकणला एका कंत्राटदाराकडे तम्माला काम मिळत होतं. महिना अठरा हजार, राहायची सोय, एक जानेवारीला हजर. पक्की नोकरी नाही, पुढे काही वाढ नाही, आणि भरतीची तयारी तिथे शक्य नाही. तम्मा जवळजवळ 'हो' म्हणून बसला होता. मला तर प्रयोगातला प्रश्नच समोर दिसत होता. आत्ता थोडे, का नंतर जास्त?

पण मामाचा प्रश्न बरोबर होता. स्कॅनरमधल्या खेळाडूंसमोर युरोचे आकडे होते, चूल नव्हती. 'आत्ता' निवडणारा प्रत्येक माणूस थकलेलाच असतो असं नाही. कधी कधी 'नंतर' परवडतच नाही. बियाण्याचे पैसे द्यायचे असतात म्हणून भाव पडलेला असताना तूर विकणारा शेतकरी उतावळा नसतो. तरी मला एक गोष्ट खटकत होती. तम्मानं हा विचार कधी केला होता? रात्री दहाला, दोन वेळा पळून, पाच तास अभ्यास करून, गोळा फेकून आल्यावर. नोकरी घ्यायची तर घे की. पण ठरवायचं ते झोप झाल्यावर ठरव, एवढंच मी म्हटलं. मामी चुलीपाशी होती. ती म्हणाली, 'साकु.' आधी मला वाटलं मलाच गप्प बसवतेय. ती त्याला म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मामाबरोबर बाजार समितीत गेले. ही जागा कुणाच्या टुरिस्ट लिस्टमध्ये नसते, पण तुम्ही डिसेंबर-जानेवारीत गेलात तर अजिबात चुकवू नका. तुरीचे ढीग, लिलावाचा घोळका, आकडे कानडीत आणि मराठीत एकदम. आणि हमाल. मी तासभर एकाच हमालाकडे बघत बसले. पन्नाशीचा असावा. पोतं पाठीवर घेताना गुडघ्यातून वाकणं, पावलं छोटी, आणि ठेवल्यावर लगेच दुसरं नाही. मध्ये उभं राहणं, पंचा झटकणं, कुणाशी तरी दोन शब्द. लिलाव दुसऱ्या ढिगावर गेला की सगळे खाली बसणार, चहा. मोजून बघितलं तर उचलण्यापेक्षा थांबण्याचा वेळ जास्त. आपल्याला हा टाइमपास वाटतो. पण याच अंगावर त्यांना तीस वर्षं काढायची असतात.

आणखी एक गोष्ट तिथे बघण्यासारखी आहे. पोतं उचलणारा हमाल वेगळा आणि काट्यावर आकडा वाचणारा मापाडी वेगळा. दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. यामागे मेंदूचं शास्त्र नाही. शेतकऱ्याचं माप चोख व्हावं, मेहनतान्याचा हिशेब वेगळा राहावा, ही त्याची कारणं. तरी मला मजा वाटली. ज्याची पाठ भरलीय त्याच्याकडून बारीक आकडे वाचून घ्यायचे नाहीत, ही वाटणी बाजारानं केव्हाच करून ठेवलीय. भरतीची पोरं मात्र दोन्ही कामं एकाच दिवसात, एकाच डोक्यानं करतात.

परतताना मामानं खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. सोलापूर पट्ट्यात कुस्ती निघाल्याशिवाय गप्पा पूर्ण होत नाहीत. १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक. खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी लांबलचक कुस्ती झाली, एका गुणानं हरले. लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी लढायला उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो मागायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, म्हणून आपण ते आनंदानं सांगतो. मामा मात्र त्या अर्ध्या तासाबद्दलच बोलत होता. आणि मग तम्माकडे बघून, 'नंतर पोलिसात गेले ते. पंचावन्न साली, सब-इन्स्पेक्टर.' तम्माला हे माहीत नव्हतं! तो रस्त्यातच थांबला.

तयारी करणाऱ्यांना विश्रांती म्हणजे आळस वाटतो, कारण शेजारचा पोरगा पळत असतो. भीती खरी आहे, पण अतिरेकाची किंमतही खरी आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणलं गेलं, आणि आज ते १६०० मीटर आहे. मृत्यूची बातमी होते. डोकं बधिर झाल्यामुळे गेलेल्या तीन मार्कांची होत नाही.

मग आम्ही काय केलं? पुण्याच्या आमच्या रनिंग ग्रुपच्या कोचला फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते इतकं साधं होतं की तम्माला ते फसवाफसवी वाटली. तीन दिवस पळणं बंद. मग आठवडाभर निम्मा भार, त्यातही वेग तोच ठेवायचा, फक्त फेऱ्या कमी. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची. पेपर सोडवायचा तो सकाळी ताज्या डोक्यानं, पळून आल्यावर नाही. आणि झोप. हेही सांगितलं की थकवा नुसता वरवरचा असेल तर काही दिवसांत, दोन आठवड्यांत माणूस सावरतो. खोल गेला असेल, ज्याला ओव्हरट्रेनिंग म्हणतात, तर महिने लागतात आणि डॉक्टरकडे जावं लागतं. त्यामुळे दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर हिरोगिरी नको.

विश्रांतीचे ते तीन दिवस म्हणजे धमाल होती. पहिल्या दिवशी तम्मा पिंजऱ्यातल्या वाघासारखा अंगणात फिरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जो झोपला तो संध्याकाळी दिवे लागल्यावर उठला. मामीनं शेंगाची पोळी केली. आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असं सकाळ-संध्याकाळ हाणलं. (कडक भाकरी पुण्याला आणायची तर डब्यात उभी ठेवा, आडवी ठेवलीत तर चुरा घेऊन पोचाल.) एका मित्राच्या शेतात हुरडा झाला. तिसऱ्या दिवशी तम्मानं स्वतःहून कंत्राटदाराला फोन करून दहा दिवस मागितले. तो म्हणाला, दहा तारखेपर्यंत ये नाहीतर दुसरा बघतो. चौथ्या दिवशी सकाळी सातला पेपर. पूर्ण नव्वद मिनिटं बसला. ७४ मार्क.

एका पेपरवरून काही सिद्ध होत नाही. प्रश्न सोपे असतील, मी समोर बसले होते म्हणून तो टिकून बसला असेल. समासाचे दोन तर त्यानं तरीही चुकवले. पण या वेळी चुकला ते चारही पर्याय वाचून.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्या-मुंबईहून आधी सोलापूर गाठा. वंदे भारत २०२३ पासून आहे, सिद्धेश्वर एक्स्प्रेस तर आपली जुनीच. सोलापूरहून वाडीच्या दिशेची गाडी पकडा, पण दुधनीला थांबते का ते नीट बघून, कारण बऱ्याच गाड्या शिट्टी मारत निघून जातात. रस्त्यानं अक्कलकोट, मैंदर्गी करत जाता येतं. अक्कलकोटला स्वामी समर्थांचं दर्शन आणि राजवाड्यातलं शस्त्रागार एका दिवसात होतं. पुढे गाणगापूर दूर नाही. बूट न्या. पहाटेच्या रस्त्यावर सोबत भरपूर मिळेल, फक्त अंधारात चमकणारी पट्टी लावा, कारण ट्रॅक्टरला मागचा दिवा असेलच असं नाही.

नऊ जानेवारीला रात्री तम्माचा फोन आला. १६०० मीटर ५:२२. चाकणला जात नाहीये. तुरीचा हंगाम संपेपर्यंत मामाच्याच आडत दुकानात दुपारी अर्धा दिवस पट्ट्या लिहायचं काम धरलंय. पैसे चाकणच्या निम्मेसुद्धा नाहीत, आणि हंगाम संपल्यावर काय हे घरात कुणालाच माहीत नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, 'अक्का, पट्ट्या लिहायचे चार तास भारात धरायचे का? जड किती, दहापैकी?'

मी सध्या तीन धरायला सांगितलंय.